मस्कतची धुरी आणि श्वासाची तहकीकात

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्या काळी मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या आगबोटी मस्कतच्या बंदरात नांगर टाकीत आणि तेथील उघड्याबोडक्या डोंगरांच्या कोंडीत दिवसभर तापलेली हवा मध्यरात्र उलटली तरी निवत नसे, त्या काळी त्या बंदरावरील ब्रिटिश पोलिटिकल एजन्सीच्या वैद्यकीय खात्याचा भार एका मुंबईकर मराठी गृहस्थाच्या खांद्यावर होता. आत्माराम सदाशिव ग्रँडिन जयकर हे त्यांचे नाव. १८४४ मध्ये जन्मलेले आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झालेले हे सर्जन १९०० मध्ये निवृत्त होईपर्यंत सुमारे तीन दशके मस्कतातच राहिले, प्रसंगी एजंटाच्या गैरहजेरीत त्याचा कारभारही पाहते झाले, आणि पुढे ‘मस्कती’ याच टोपणनावाने ओळखले जाऊ लागले. ओमानी अरबी बोलीवर त्यांनी प्रबंध लिहिला, तेथील म्हणींचा संग्रह केला, दमीरी या चौदाव्या शतकातील मिसरी पंडिताच्या प्राणिकोशाचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले. आणि ओमानच्या डोंगरांतील जो रानबकरा त्यांनी शास्त्रज्ञांच्या नजरेस आणून दिला, त्याच्या शास्त्रीय नावात १८९४ पासून जयकर हे आडनाव कायमचे जडले आहे.

प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने मात्र त्यांचे आणखी एक काम अधिक मोलाचे आहे. आखाती रेसिडेन्सीच्या १८७६-७७ च्या प्रशासकीय अहवालात ‘मस्कतचा वैद्यकीय भूवृत्तांत’ अशा आशयाचे त्यांचे एक टिपण समाविष्ट आहे. मुलुखाचे हवापाणी, वस्ती, राहणी आणि तेथे आढळणारे रोग यांची एकत्र नोंद करणारे असे वृत्तांत त्या काळच्या सरकारी वैद्यांकडून अपेक्षित असत. आणि रोग्याच्या नाडीबरोबर त्याच्या घराची, वाऱ्याची व चालीरीतींचीही चौकशी करावी हा जो त्यांतील गर्भितार्थ, तो पुढील शंभर वर्षांत वैद्यक पुष्कळसे विसरले. ओमानातील अॅलर्जीचा, म्हणजे आपण ज्याला वावडे म्हणतो त्याचा इतिहास हा एका अर्थाने त्या विसरलेल्या चौकशीच्या पुनरागमनाचा इतिहास होय.

जयकरांच्या टिपणात अॅलर्जी हा शब्द सापडणे शक्यच नव्हते, कारण तो निर्माण होण्यास अद्याप तीस वर्षांचा अवकाश होता. रोग मात्र पुरातन होते. तमक श्वासाचा, म्हणजे दम्याचा, रोगी आडवा होऊ शकत नाही, बसल्याने त्याला बरे वाटते, आणि मेघ, शीत व पूर्वेकडील वारा यांनी त्याची व्यथा वाढते, हे चरकसंहितेने नमूद करून ठेवले होते. दहाव्या शतकाच्या आरंभी निवर्तलेल्या अल-राझी या विख्यात हकिमाने अबू झैद अल-बल्खी या विद्वानाला वसंतात गुलाब फुलताच जे पडसे येई त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले होते. म्हणजे ज्या दोन वैद्यकपरंपरांच्या संगमावर जयकर उभे होते, त्या दोहोंनाही लक्षणे ठाऊक होती, ऋतू ठाऊक होता, क्वचित कारणाचा सुगावाही लागलेला होता. अज्ञात होती ती एवढीच गोष्ट की, जी वस्तू शेजाऱ्याला निरुपद्रवी, नव्हे सुखावह, वाटते तीच एखाद्याचा श्वास का कोंडते.

या कोड्याची उकल जयकर मस्कतात असतानाच दूर मँचेस्टर येथे सुरू झाली होती. चार्ल्स ब्लॅकली नावाचा, स्वतः उन्हाळी पडशाने गांजलेला एक वैद्य पतंगांना चिकट काचा बांधून उंचावरील हवेतील परागकण गोळा करीत होता आणि तेच कण स्वतःच्या नाकाला व खरवडलेल्या त्वचेला लावून परिणाम पाहत होता; १८७३ मध्ये त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी सागरी प्राण्यांच्या विषाचा अभ्यास आरंभिला. फ्रान्सला परतल्यावर त्यांना असे आढळले की, पहिल्या मात्रेतून बचावलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी अल्प मात्रेने काही मिनिटांत प्राणास मुकतो. रक्षण व्हावे म्हणून दिलेली पहिली मात्राच घातक संवेदनक्षमता निर्माण करून गेली होती. या शोधाबद्दल रिशेला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने, घटसर्पावरील अश्वरक्ताची लस दुसऱ्यांदा टोचलेल्या मुलांना अधिक त्वरेने व तीव्रतेने बाधा होते हे पाहून, शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादाला अॅलर्जी असे नाव दिले.

त्या प्रतिसादाची अंतर्रचना उलगडण्यास आणखी साठ वर्षे लागली. १९६६ मध्ये अमेरिकेत इशिझाका या जपानी दांपत्याने आणि १९६७ मध्ये स्वीडनमध्ये योहानसन व बेन्निच यांनी रक्तातील जे प्रतिद्रव्य ओळखले, त्याला आज आपण आयजीई म्हणतो. मस्कतसारख्या बंदराच्या जकात-नाक्यावर एखादा अतिदक्ष कारकून असावा, त्याने एकदा खजुराच्या गोणीला दारूगोळा समजून तिचे वर्णन दफ्तरी नोंदवून ठेवावे, आणि पुढे तशी गोणी दिसताच साऱ्या तटावरील तोफा डागण्याचा हुकूम सोडावा, तसा हा प्रकार असतो: पहिल्या संपर्कात आयजीई तयार होऊन ती त्वचेतील, नाकातील व श्वासनलिकांतील विशिष्ट पेशींवर जाऊन बसते, आणि पुन्हा तोच पदार्थ आला की त्या पेशी हिस्टामीन व तत्सम द्रव्ये सोडतात. नाकात हे घडले की शिंका व पाणी, त्वचेत घडले की गांधी, श्वासनलिकांत घडले की दमा, आणि सर्वांगात एकाच वेळी घडले की प्राणसंकट.

परंतु युरोपातील प्रयोगशाळांचा हा प्रकाश ओमानच्या घराघरांत पोहोचण्यापूर्वी तेथे दुसरीच एक वैद्यकव्यवस्था नांदत होती, आणि तिच्या केंद्रस्थानी धूर होता. दक्षिणेकडील धोफार प्रांतात पावसाळी डोंगरांच्या मागील कोरड्या उतारांवर जी झाडे वाढतात, त्यांच्या सालीला छेद देऊन पाझरलेला डिंक वाळवला की लोबान तयार होतो. सहस्रावधी वर्षे तो उंटांच्या तांड्यांतून आणि गलबतांतून मिसर, रोम व हिंदुस्थान येथे गेला. ओमानी घरात तो, आणि चंदन, अत्तरे, अगरू यांच्या मिश्रणाने सिद्ध केलेला बखूर, पाहुण्याच्या स्वागतास, कपडे सुवासिक करण्यास, बाळंतिणीच्या खोलीत व दृष्ट काढण्यास मातीच्या धुपाटण्यात नित्य जळत असतो. मराठी वाचकाला यात परके असे काहीच वाटू नये. बाळाला न्हाऊ घातल्यावर ऊद, ओवा व वावडिंग यांची धुरी देण्याची चाल आपल्या आजीबाईंनीही श्रद्धेने पाळलेली आहे. रोगच हट्टी निघाला तर तापलेल्या लोखंडाचा डाग हा अखेरचा इलाज, या अर्थाची म्हण अरबी मुलुखात सर्वतोमुखी आहे, आणि डागणीचे व्रण मिरवणारे रोगी आपल्याही खेड्यापाड्यांत दुर्मीळ नव्हते.

धुराला औषध मानणे हा केवळ पौर्वात्यांचा भोळेपणा होता, असे मात्र कोणी समजू नये. १८०२ च्या सुमारास मद्रासकडील जनरल जेंट यांनी दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढण्याचा देशी उपाय विलायतेत नेला आणि पुढील शतकभर युरोपातील नामांकित वैद्य धोतऱ्याच्या विड्या रोग्यांना लिहून देत राहिले. त्या धुरात श्वासनलिका सैल करणारे एक द्रव्य खरोखरच असते. परंतु त्याचबरोबर त्याच नलिकांना डिवचणारी राखही असते. एकाच धुराने एकाला आराम व दुसऱ्याला उपद्रव होण्याचे हे द्वैत लक्षात ठेवावयास हवे, कारण ओमानच्या कथेत ते पुढे निर्णायक ठरणार आहे.

जयकरांनंतर ओमानात आधुनिक वैद्यकाची ध्वजा प्रामुख्याने अमेरिकेच्या अरेबियन मिशनने धरली. १८९३ मध्ये पीटर झ्वेमर मस्कतात आले. १९०९ मध्ये डॉक्टर शॅरन थॉम्स यांनी मस्कतशेजारच्या मत्रह येथे वैद्यकीय काम मांडले, आणि १९१३ मध्ये तार ओढण्याच्या कामात खांबावरून पडून ते निवर्तले. त्यांचे चिरंजीव वेल्स थॉम्स १९३९ मध्ये त्याच गावी आले व १९७० पर्यंत राहिले. हिवताप, क्षय, महारोग, खुपऱ्यांमुळे येणारे अंधत्व आणि अडलेली बाळंतपणे यांनी ज्या इस्पितळाचा दरवाजा अहोरात्र व्यापलेला, तेथे शिंकांची तक्रार घेऊन कोण येणार? दमेकरी होते, अंगावर गांधी उठणारे होते. परंतु मृत्यू ज्या घराच्या उंबरठ्यावर बसलेला असतो, त्या घरात वावडे ही तक्रार नसून स्वभाव समजला जातो.

सुलतान सैद बिन तैमूर यांच्या अमदानीत ही स्थिती पालटण्यास फारसा वाव नव्हता. अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेल्या या राज्यकर्त्याचा कल कर्ज टाळण्याकडे व बाहेरचे वारे अडविण्याकडे होता; मस्कतच्या वेशी रात्री बंद होत आणि त्यानंतर बाहेर पडणाऱ्यास हाती कंदील धरावा लागे. १९६७ मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली, तरी २३ जुलै १९७० रोजी त्यांचे पुत्र काबूस सत्तेवर आले तेव्हा साऱ्या देशात तीन शाळा आणि सुमारे दहा किलोमीटर पक्की सडक होती. त्यानंतरच्या तीन दशकांत जे घडले ते आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासात विरळा होय. दवाखाने डोंगरदऱ्यांत पोहोचले. १९८१ मध्ये बालकांच्या लसीकरणाचा विस्तृत कार्यक्रम सुरू झाला. १९८६ मध्ये सुलतान काबूस विद्यापीठाचे दरवाजे उघडले. १९९१ मध्ये हिवतापाच्या निर्मूलनाची मोहीम हाती घेतली गेली. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने राष्ट्रांच्या आरोग्यव्यवस्थांची जी प्रतवारी लावली तीत ओमान एकंदरीत आठवा आणि जनतेच्या आरोग्यमानाबाबतच्या कार्यक्षमतेच्या निकषावर पहिला आला. आणि २०१२ मध्ये खुपऱ्यांचा सार्वजनिक उपद्रव संपल्याचे प्रमाणपत्र मिळविणारा तो जगातील पहिला देश ठरला.

या साऱ्या विजयांत एक समानता आहे: ते फर्मानाने मिळविता येण्याजोगे होते. लस सर्वांना तीच, डासांवरील फवारा सर्व गावांना तोच, आणि शिस्तबद्ध प्रशासनाने हुकूम सोडला की फळ हाती येई. याच यशाच्या छायेत मात्र असे रोग वर आले की जे फर्मानाला दाद देत नाहीत.

१९९५ मध्ये ओमान बालकांतील दमा व अॅलर्जी यांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत सामील झाला. १९९१ मध्ये आरंभ झालेल्या या पाहणीचे वैशिष्ट्य असे की, तिला कोणतेही महागडे यंत्र लागत नव्हते. निरनिराळ्या भाषांत उतरविलेली एकच प्रश्नावली शाळांतून फिरत होती: गेल्या बारा महिन्यांत मुलाच्या छातीत शिट्टीसारखा आवाज आला काय, झोपमोड झाली काय, सर्दी नसता शिंका आल्या काय, कोपराच्या व गुडघ्याच्या वळणांत खाज सुटली काय. ओमानच्या दहाही विभागांतील सरकारी शाळांतून ७०६७ मुलांची माहिती जमली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होते. सहा-सात वर्षांच्या वयोगटात १०.५ टक्के आणि तेरा-चौदा वर्षांच्या वयोगटात २०.७ टक्के मुलांना दमा असल्याचे सांगण्यात आले; नाकाच्या अॅलर्जीचे प्रमाण अनुक्रमे ७.४ व १०.५ टक्के, आणि इसबाचे ७.५ व १४.४ टक्के होते. विभागाविभागांत तफावत होती, आणि दम्याच्या लक्षणांत पूर्वेकडील शर्किया प्रांत आघाडीवर होता.

हे का व्हावे, याची उत्तरे शोधताना मोठमोठे सिद्धांतही अडखळले. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटनमधील पाहणीवरून असे सुचविले होते की, भावंडे थोडी आणि घर अतिस्वच्छ असले की बालपणातील संसर्ग कमी होतो व परागज्वर वाढतो. ओमानात तर भावंडांची वाण नव्हती. तरीही दमा होताच. तेव्हा शोधकांना पुन्हा वैद्यकीय भूवृत्तांताच्या जुन्या वाटेने जाणे भाग पडले, आणि मुलुखाची एकेक गोष्ट तपासणीखाली आली. वाळवंटातून येणारी धूळ तर उघडच होती. घरधुळीतील सूक्ष्म कीटकांना दमटपणा लागतो. तो किनाऱ्यावरील मस्कतात पुष्कळ आहे, आणि वातानुकूलित, बंद खिडक्यांच्या, गालिचे अंथरलेल्या नव्या घरांत त्यांना आश्रयही मिळतो. धोफारात जूनपासून सप्टेंबरपर्यंत खरीफ नावाचा मोसमी पाऊस असतो. धुक्याने व हिरवळीने तो तेथील सलाला शहराला पाहुण्यांनी फुलवून टाकतो, पण भिंतींना बुरशीही देतो. खजुराच्या बागांत नर-झाडाचा पराग माणसे हाताने मादी-फुलोऱ्यावर शिंपडतात, आणि तो परागही अॅलर्जीकारक आहे. आपण जिला शमी म्हणून दसऱ्याला पुजतो तीच ओमानची देशी गाफ. परंतु वाळवंट हिरवे करण्यासाठी तिची जी अमेरिकन भगिनी आणली गेली, आपल्या माळरानांवरील वेडी बाभूळ, तिने ओढे-नाले व्यापले आणि तिचा पराग अनेकांच्या नाका-डोळ्यांना जाचू लागला.

आणि मग पाळी आली धुराची. ज्या देशाची कीर्तीच लोबानावर उभी, जेथे धुपाटण्यावाचून आतिथ्य पुरे होत नाही, तेथे बखूर हा रोगाचे मूळ आहे काय असा प्रश्न विचारणे ही धाडसाची गोष्ट होती. सुलतान काबूस विद्यापीठातील ओमर अल-रवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते धाडस केले, आणि तेही कोणताही पूर्वग्रह न बाळगता. दम्याचे प्रमाण सर्वाधिक व सर्वांत कमी असलेल्या दोन विभागांतील दहा वर्षांच्या २४४१ मुलांची माहिती त्यांनी गोळा केली. २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांतील १५.४ टक्के मुलांना दमा होता. दमेकरी मुलांपैकी ३८ टक्क्यांची घरघर बखुराने वाढत होती, म्हणजे धूळ, हवापालट व सर्दी-खोकला यांच्या पाठोपाठ तो चौथ्या क्रमांकाचा उपद्रवी ठरला. परंतु ज्या घरांत बखूर जळतो तेथे दमा अधिक आढळतो काय, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले. बखूर दमा निर्माण करतो असे दिसले नाही. असलेला दमा मात्र तो भडकवितो असे दिसले.

हा निकाल मला अत्यंत अर्थपूर्ण वाटतो. परंपरेच्या अभिमान्याला यातून धुपाची निर्दोषता सिद्ध करता येत नाही आणि सुधारणेच्या अभिमान्याला धूपबंदीचा हुकूम काढता येत नाही. ज्या घरात दमेकरी मूल नाही तेथे हा विषय वेगळा, आणि ज्या घरात आहे तेथे वेगळा. तेथे धुपाटणे मुलाच्या खोलीत न नेता अंगणात वा उघड्या सज्जात ठेवावे आणि मूल त्या वेळी दूर असावे, एवढा तारतम्याचा उपाय उरतो. हा निर्णय ज्याच्या त्याच्या घरात, त्या घराची कैफियत ऐकूनच करावयाचा असतो.

अॅलर्जीच्या एकूण उपचारांचे मर्मही हेच आहे. त्वचेवर थेंब ठेवून टोचण्याची चाचणी किंवा रक्तातील आयजीईचे मापन ही साधने उपयुक्त खरी. पण चाचणी होकारार्थी आली म्हणजे शरीराने तो पदार्थ ओळखला एवढेच सिद्ध होते, त्यानेच रोग होतो हे नव्हे. त्यासाठी केव्हा, कोठे, काय करीत असता त्रास होतो ही रोग्याची जबानीच लागते. औषधांची परंपरा समृद्ध आहे. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी परागाचा अर्क वाढत्या मात्रेने टोचून शरीराला सरावविण्याचा मार्ग दाखविला, आणि तो निवडक रोग्यांत आजही चालतो. १९३७ पासून दानिएल बोव्हे यांच्या कामातून हिस्टामीनविरोधी औषधे आली, आणि पुढे त्यांतील झोप आणण्याचा दोष पुष्कळसा गेला. शिंका व गांधी यांवर ती आजही पहिला आधार. अरब मुलुखात खिल्ला नावाने परिचित असलेल्या वनस्पतीतील द्रव्याचा माग काढीत, अलेप्पोच्या वैद्यघराण्याशी नाते असलेल्या आणि स्वतः दमेकरी असलेल्या रॉजर आल्टुनियन यांनी स्वतःच्याच श्वासावर वर्षानुवर्षे प्रयोग करून १९६५ मध्ये क्रोमोग्लायकेट हे औषध गवसविले. १९७० च्या दशकात श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड आले, आणि दम्याचे खरे नियंत्रण त्यानेच शक्य केले; नाकासाठी त्याच वर्गातील फवारा आणि इसबासाठी त्वचा ओली राखणारे लेप व मर्यादित काळ लावावयाचे स्टेरॉइडचे मलम यांचा उपयोग प्रस्थापित झाला.

आपल्याकडे काय किंवा मस्कतातील आपल्या कुटुंबांत काय, स्टेरॉइडच्या पंपाची सवय लागते ही भीती अद्याप गेलेली नाही, आणि तिच्यापायी अनेकजण केवळ तात्कालिक आराम देणाऱ्या निळ्या पंपावरच दिवस काढतात. तो पंप नलिका सैल करतो, त्यांचा दाह शमवीत नाही. म्हणूनच २०१९ पासून दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनाने त्याच्या एकट्याच्या वापरावर भिस्त ठेवू नये असे स्पष्ट केले. एका प्रसंगी मात्र चौकशीला अवसर नसतो: आखाती मुलुखातील समसुम मुंगी डसल्यावर, एखादे अन्न किंवा औषध पोटात गेल्यावर अंगावर गांधी, घशाला सूज, धाप व भोवळ एकदम सुरू झाली, तर मांडीच्या स्नायूत अॅड्रिनॅलिन तत्काळ टोचणे हाच प्रथम उपाय, आणि बाकी सर्व त्यानंतर.

हा अपवाद वगळता, ओमानच्या गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव एकाच दिशेला बोट दाखवितो. साथीचे रोग राज्याच्या बळाने हटले, आणि ते बळ नसते तर दम्याकडे लक्ष देण्याइतकी मुले जगलीच नसती, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु वावड्यांच्या बाबतीत राज्याचे काम औषध व प्रशिक्षित वैद्य पुरविण्यापाशी संपते; त्यापुढे वैद्याने विचारावयाचे आणि घरच्यांनी खरे सांगावयाचे असते. जयकरांच्या पिढीने मुलुखाचा जो वृत्तांत सरकारदरबारी लिहिला, तो आता एकेका घराचा लिहिला गेला पाहिजे. आणि ज्या आईला आपण मुलाला रोज धुरी देतो हे डॉक्टरांपुढे सांगण्याचा संकोच वाटत नाही, तिच्या मुलाच्या दम्यावरील अर्धा इलाज त्या क्षणीच सुरू झालेला असतो.